सगळ्यांची ताई

६ नोव्हेंबर
आज पोरांना जंगलात पालथं पाडलं. म्हटलं, मुंगीला दिसतं तसं झाड काढा. एकाच्या कागदावर नुसतं खोड! पानं कुठायत रे? "मुंगीला वर बघायला वेळ नसतो, ताई." हसून हसून पुरेवाट.

खोलीवर आले. ही गंमत सांगायला कोणी नाही. धुतलेले ब्रश उगाच परत धुतले.

७ नोव्हेंबर
घसा बसलाय. दूध पिऊन पडून राहिले.

१० नोव्हेंबर
त्याचा फोन. ("नवरा" लिहिताना पेन अडखळतं, वेगळे झालो तेव्हापासून.) लेकीच्या शाळेची सहल जंगल-शिबिराला येतेय — माझ्याच! "तिला बाकीच्यांसारखंच वागव. तिच्या वर्गात माहीत नाहीये."

काय माहीत नाहीये?

"तू तिची आई आहेस ते. तिनंच सांगितलंय, कुणाला कळू देऊ नका म्हणून."

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

१५ नोव्हेंबर
आली. केवढी उंच झालीय! बसमधून उतरली, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून — "नमस्कार, ताई."

"नमस्कार. टोप्या घाला सगळ्यांनी," म्हटलं मी.

दुपारी घरं बांधायला लावली. आपलं आपलं झाड निवडायचं, बुंध्याशी माती, काटक्या, सालींचं घर करायचं आणि त्यात कोण राहतं त्याची गोष्ट सांगायची. एकीनं घुबडाचा दवाखाना थाटला — दिवसा बंद! एकानं खारीचं वाण्याचं दुकान. माझ्या लेकीनं गवताचं छप्पर विणलं होतं. इतकं नेटकं, की हात लावावासा वाटला. लावला नाही.

तिची पाळी आली. उभी राहिली. "इथे एक बाई राहते. तिला जंगल आवडलं, म्हणून ती घर सोडून आली. रोज दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी सांगते."

घुबडवालीनं विचारलं, "तिला स्वतःची मुलं नाहीत?"

"एक मुलगी आहे."

"मग ती काय करते?"

"तिचं अजून ठरत नाहीये."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. "छान. आता पुढचं झाड," म्हटलं. आवाज माझाच होता बहुतेक.

बस निघाली तेव्हा ती पलीकडच्या खिडकीशी बसली होती.

१६ नोव्हेंबर
नोकरी मिळाली तेव्हा ठरलं होतं — शाळा मध्येच कशाला बदलायची, वर्ष संपलं की तिला इकडे आणू. मग पुढचं वर्ष. मग कुणी विषयच काढेना. जंगल आवडलं म्हणून आले, हे तिला कोणी सांगितलं? कोणीच नसेल. तिला इकडे आणायचं ठरलं होतं, हेही कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा.

१७ नोव्हेंबर
मोठ्या बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं. बापलेक बोलावतील तेव्हा जाईन, म्हटलं. ती उसळलीच — "बोलावणं यायला तू काय पाहुणी आहेस?"

फोन आपटला बाईनं!

१९ नोव्हेंबर
शिबिराला सुट्टी टाकली. न कळवता लेकीच्या घरी गेले. बेल वाजवली. दार तिनंच उघडलं. माझ्या पायांकडे बघितलं.

मग म्हणाली, "चपला आत काढ, आई. बाहेर ठेवल्या की कुत्रा पळवतो."