तळघराच्या दाराचं बटण

प्रिय ठकू,

अक्षर ओळखू आलं नाही ना? डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लॅस्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, बाकीचा बाप शाबूत आहे, जिभेसकट. तुला कळवायचं नाही, असं मीच तुझ्या आईला बजावलं होतं. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड, त्याची तुला सवय आहे.

आठ महिने आपण बोललो नाही. चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पान संपेपर्यंत मी वळसेच घालत बसेन. तळघरात मी कामाची खोली काढली, वायरिंग हौसेने स्वतः केलं, आणि तू दोन दिवस आलीस ती चहाचा कप घेऊन नेमकी तळघरात उतरणाऱ्या बाहेरच्या पायऱ्यांपाशी अडलीस. दारावर सेन्सरचा दिवा आहे, माणूस आला की लागतो, ते ठीक. पण घरातून लावायला बटण कुठे आहे, असं विचारलंस. नियमात आतलं बटण हवंच म्हणालीस. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांत दिवे लावतोय, मला शिकवू नकोस, असं मी तोडून टाकलं. मग वायरिंगच्या तपासणीला तुमच्या ऑफिसातला तो चष्मेवाला आला आणि इकडेतिकडे न बघता थेट त्या पायऱ्या उतरला. तेव्हाच समजलो की तूच त्याला सांगितलं आहेस. माझ्याच घरात माझ्या हातात नापासाचा कागद! फोनवर मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. घरात पाऊल ठेवू नकोस, असंही बोललो. तू ते तंतोतंत पाळलंस. हट्टीपणात माझ्यावरच गेली आहेस.

बटण बसवलं मी, पण धुसफुसत, निव्वळ पासाचा कागद मिळावा म्हणून. स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारी. तू म्हणे आईला सांगितलंस की रोज अंधार पडला की एकदा दाबून खाली बघत जा. ती इमानाने बघायची. खाली पाहुणे बसलेत का, म्हणून मी तिची टर उडवायचो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन वर येताना पाय सटकला आणि मी गडगडत पार दारापाशी आलो. हात अंगाखाली, डोक्याला खोक, तोंडातून आवाज फुटेना. पडलो तेव्हा दिवा चालूच होता. मग मी हलेना म्हटल्यावर मिनिटभरात विझला. सेन्सरच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. कडाक्याची थंडी होती, आणि तुझ्या आईच्या मते मी आत काम करत होतो. ठकू, मी फार घाबरलो. किती वेळ गेला कोण जाणे, आणि दिवा लागला. मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. वर खिडकीत तुझी आई उभी होती.

आणखी दोन तास तसाच पडून राहिलो असतो तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. आभार मानायला मला कधी जमलं नाही, पण आज मानतो. तू बापाची भीड धरली नाहीस, म्हणून तुला बाप आहे. तुझ्या त्या चष्मेवाल्यालाही सांग, मी त्याला चहा दिला नव्हता, तो द्यायचा राहिलाय.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण पुढचं बोलून दाखवायची हिंमत नाही, म्हणून हा कागद. असाच दिवा, आतल्या बटणाशिवाय, मी आणखी अकरा घरांत लावला आहे. जुनी घरं, किरकोळ कामं, तपासणीला कुणी गेलंच नाही. बटण कशाला हवं, असं मीच त्यांना पटवलं होतं. यादी सोबत जोडली आहे. पहिलं घर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं आहे, गुडघ्यांनी अधू आहेत आणि रोज त्याच पायऱ्यांनी ये-जा करतात. मला एका हाताने स्क्रूसुद्धा पिळता येत नाही. दुसऱ्या कुणाला सांगता येईल, पण मला तू हवी आहेस. रविवारी येशील? तू काम कर, मी शिडी धरेन. आणि चूक माझी होती हे अकराही दारांत मीच सांगेन.

तुझाच,
नापास बाबा