दोनशे बारा सह्यांचा लाल पट्टा

चिरंजीव भाच्यास,

मामाचे आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेल, जेवणं वेळेवर होत असतील, असं मामीने विचारायला सांगितलंय. मी विचारत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीच तुझ्याशी बोलणं टाकलं होतं.

रस्तेखात्यात लागल्या लागल्या तू आमच्या रस्त्याच्या कडेने फक्त बससाठी लाल पट्टा आखायला निघालास. माझ्या गाद्यांच्या दुकानापुढे गाड्या थांबणार नाहीत म्हणून मी पेटलो. (गिऱ्हाइकाने गादी डोक्यावर घेऊन बसमध्ये चढायचं काय, हा माझा मुद्दा सभेत फार गाजला.) घरोघर हिंडून दोनशे बारा सह्या जमवल्या, त्यातल्या तीन तर मयतांच्या. पट्टा रद्द झाला, मला हार पडला, तुझी बदली झाली.

पुढे मामीची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, नऊची वेळ. अकरा थांब्यांचं अंतर बस कधी पंचवीस मिनिटांत कापते, कधी सव्वा तासात. (वेळापत्रक थांब्यावर अजून आहे. करमणूक म्हणून वाचतो आम्ही.) गेल्या मंगळवारी पुढे एक टेम्पोवाला गाडी आडवी लावून माल उतरवत होता. पावणेनऊ झालेले. मी खाली उतरून त्याच्या अंगावर धावलो, तर त्याने चक्क हात जोडले. "काका, तुम्ही! अहो, तुमच्यामुळेच तर ही जागा राहिली आम्हाला!" सगळ्या बसने ऐकलं. मामीनेही.

पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. उद्या या, म्हणाले. उद्यापर्यंत तिच्या छातीत पाणी भरलं. तेव्हापासून ती इथेच दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर. मला एका शब्दाने बोलली नाही रे. फक्त म्हणाली, "पोराला पत्र लिहा. शुद्धलेखन मी बघते."

तर लिहिलं. चुकलो.

तुझा मामा

ता. क. पट्टा पुन्हा आखता येईल का? पहिली सही माझी. या खेपेला सगळ्या जिवंत माणसांच्या आणतो.

ता. क. २. वरचा कागद मामीने तपासला, दोन वेलांट्या सुधारल्या. ही चिठ्ठी तिच्या नकळत पाकिटात घालतोय. डॉक्टर फार तर आठवडा म्हणतात. ज्याला लहानाचा मोठा केला, त्याला एकदा बघायचंय तिला. तोंडाने म्हणणार नाही. पत्र मिळताच निघ. आणि स्टेशनवरून बसच्या भरवशावर राहू नकोस.