एका वेलीच्या फुलाच्या रंगाबाबत दुरुस्ती

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, वनस्पती संग्रहालयात चाळीस वर्षे वाळवलेली पानेफुले कागदावर चिकटवणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे सोडून सगळे शाबूत आहे, असे त्यात म्हटले आहे.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला. दोन वर्षांपूर्वी मला न विचारता तिने मागच्या पडवीचा पत्रा काढून काच बसवली, तेव्हा मी आठवडाभर तिच्याशी धड बोललो नाही. तो राग मागे घेत आहे. कारण कलम ५ मध्ये.

२. पानेफुले दाबायच्या लाकडी फळ्या, पट्ट्यांसह, संग्रहालयाला. टीपकागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी धरते. तिथल्या नव्या मंडळींना हे सांगून सांगून माझे तोंड दुखले.

३. भिंग शेजारच्या शिंपीणबाईंना. सुईत दोरा ओवून द्यायला त्या मला हाक मारतात, आणि माझे डोळे त्यांच्याहून अधू.

४. आमच्या साहेबांना काही नाही. वर्षावनातल्या एका ऑर्किडला त्यांनी स्वतःचे नाव लावून घेतले. त्यासाठी चिखलात लोळलो मी. त्यांना तेवढे पुरे.

५. पडवीतील वेल, कुंडीसकट, माझ्या धाकट्या बहिणीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

वर्षावनात ही वेल उंच झाडांच्या शेंड्यावर जाते आणि ऊन लागेल तिथेच फुलते. खालून नुसते खोड दिसते. दोराने वर चढायचे काम बहीण करी. मी खाली वही घेऊन उभा. गुडघ्याचे निमित्त सांगायचो. खरे तर उंचीवर मला घेरी येते. हे आजवर कुणाला सांगितलेले नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी ती पहाटेच वर गेली आणि दुपारी फुलांचा तुरा घेऊन उतरली. वाळल्यावर फूल तपकिरी पडते, म्हणून ताजेपणीचा रंग चिठ्ठीवर लिहून ठेवतात. ती म्हणाली, वर पाहिला तेव्हा पांढरा. माझ्या हातातले फूल तर लालभडक. शब्दाने शब्द वाढला आणि साहेबांसमोर मी बोलून गेलो, “तुला चढायला ठेवलंय, बघायला नाही.” तिने कमरेचा पट्टा सोडला, दोर नीट गुंडाळून ठेवला आणि निघून गेली. काम सोडले, माझ्याशी बोलणेही सोडले. चिठ्ठीवर मी ‘लाल’ लिहिले.

त्याच वेलीचे बी मी घरी लावले होते. पत्र्याखाली ती नुसतीच वाढत राहिली. काचेतून ऊन मिळाले आणि या महिन्यात फुलली. पहाटे पांढरीशुभ्र, दुपारी लाल.

संग्रहालयात जुनी चिठ्ठी खोडत नाहीत. तिच्याखाली दुरुस्तीची चिठ्ठी डकवतात. ती सोबत जोडली आहे: ‘उमलताना पांढरे. वर जाऊन पाहणारीने तेव्हाच सांगितले होते.’ मला फार लाज वाटते.

हे सांगायला परवा तिला फोन केला. तिने “हॅलो” म्हटले आणि मी “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला.

पुरवणी. आज चार वाजता सहीसाठी सगळे जमले, तेव्हा बहीण दारात उभी. आवाज ओळखला, म्हणे. वकिलांनी तिला कलम ५ वाचून दाखवले. दुसरा साक्षीदार आलाच नव्हता. मीच करते सही, असे ती म्हणाली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, वेल हातची जाईल, असे वकिलांनी दोनदा बजावले. तिने सही केली. मग कुंडीपाशी जाऊन लाल फूल बराच वेळ पाहत राहिली.

“वेल इथेच राहू दे, दादा. पहाटे किती वाजता उमलतं?”

मी साडेपाच सांगितले. मुलगी आतल्या खोलीत अंथरूण घालत आहे.

कलम ५: वेल रद्द, दुरुस्ती कायम.

सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार: १. वकिलांच्या टायपिस्टबाई २. धाकटी बहीण
ठिकाण: मागची पडवी
दिनांक: अकरा मार्च