बोटीवरून आलेला निवडुंग

१२ फेब्रुवारी, सोमवार
आईंच्या खोकल्याचा आज नववा दिवस. सासूबाई ब्याऐंशीच्या, हृदय अधू — पण खोकल्याला जोर तरण्याताठ्याचा! त्यांनाही झोप नाही, मलाही नाही. हे बोटीवर, जूनपर्यंत. फोनवर म्हणतात, "आईची काळजी घे." घेतेच आहे, सहा वर्षं झाली. कंटाळले मी. लिहून टाकलं, झालं!

१४ फेब्रुवारी
पाठ धरली. भात करपला.

१५ फेब्रुवारी
आईंचं करायला वरच्या वाडीतली कमळा येते. तिने दुपारी त्यांना निवडुंगाचा रस पाजला. कांडं विस्तवावर भाजून, मधातून — पोरांना खोकल्यावर देतात तसा. पण कापला तो कुंपणावरचा नव्हे, परसातला! ह्यांनी पेरू देशातल्या बंदरावरून आणून लावलेला. तिला बिचारीला दोन्ही निवडुंगच.

तासाभरात ओकाऱ्या. मग आई हसायलाच लागल्या. "कौलं चालतायत गो! रंग बघ, रंग!" डोळ्यांतल्या बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या झालेल्या. मग एकदम छाती धरली. रिक्षाने गुहागरला नेलं. नाडी एकशे तीस! डॉक्टर ओरडले, "कुणी दिलं हे?" म्हटलं, कामाच्या बाईने. माझा जरा डोळा लागला होता.

१६ फेब्रुवारी
दवाखान्यातच आहोत. ह्यांचा फोन आला. म्हणाले, तिकडचे लोक तो पितात, पण देवकार्यासारखा. आधी उपास करतात, आणि नशा उतरेपर्यंत जाणता माणूस उशाशी बसून राहतो. अधू हृदयाच्या माणसाला तेसुद्धा देत नाहीत.

"लावताना तुला सांगितलं होतं ना मी?"

हो. सांगितलं होतं.

१८ फेब्रुवारी
आई वाचल्या! घरी आणलं. शेजारची नम्रता बघायला आली, तर माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणतात, "राजश्री व्हती म्हनून मी हाय." मी चहा टाकायला उठले. कमळाला निरोप धाडला, येऊ नको.

२१ फेब्रुवारी
परसातला निवडुंग मुळासकट खणून काढला. कुदळीने हाताला फोड आले. कमळाने म्हातारीला विष घातलं, असं गावभर झालंय. तिचं दुसऱ्या घरचं कामही गेलं. नम्रता म्हणते, कमळा कुणाला चकार शब्द बोललेली नाही. आईंचा खोकला पुन्हा सुरू. मला जेवण जात नाही.

२३ फेब्रुवारी
गेले एकदाची कमळाकडे. सांगितलं — डोळा नव्हता लागला माझा. तू कापलास तेव्हा मी खिडकीत होते. तो कुठला ते मला ठाऊक होतं. तरी हाक मारली नाही.

कमळा भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हाय वयनी. तुमी बघीत व्हतात, नको म्हनला न्हाईत, म्हनून तर मी कापला."