मानशीवरचा खुळखुळा

२० डिसेंबर, शनि.
शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. मासे भुलवायचा खुळखुळा नं. १४ पुरा केला. जुन्या रबरी चपलेचं डोकं, तोंड वाटीसारखं कोरलेलं, म्हणजे दोरीला झटका दिला की पाण्यावर फट्ट वाजतं. पोटात कान साफ करायच्या काडीची नळी, नळीत ब्लाउजला लावायचे काचमणी, चार. पाच घातले की गर्दी होते, वाजत नाहीत. शेपटी कोंबड्याची. बालदीत वाजवून बघत होतो तर सु. म्हणाली, "लग्नाक वीस वर्सां जालीं, म्हज्या एका ब्लाउजाक तुमी इतलो वेळ दिवंक ना." मणी तिच्याच ब्लाउजाचे.
संध्याकाळी मानशीवर, बांधातल्या पाणदारावर. ओहोटीला शेतातलं पाणी मानशीच्या दारातून नदीत पडतं, तिथे चोणक टपलेला असतो. चौथ्या फट्टला लागला, किलोभर. पहिला मासा राखणदाराचा, म्हणजे बांध राखणाऱ्या देवाचा. बाबा द्यायचे, मीही देतो. फेकला तो बुडायच्या आधीच गेला. मान घेतला. दुसरा घरी आणला. खूष.

२६ डिसेंबर, शुक्र.
म्हापशाला बाजारात जाऊन पिसं आणली, तांबडी-काळी. संध्याकाळी तीनच फट्ट मारले आणि पलीकडच्या झाडीतून पाण्यावर रेघ निघाली. सरळ माझ्याकडे. एवढी रेघ म्हणजे दहा किलोचा चोणक, असं वाटून दोरी मनगटाला गुंडाळून घेतली. रेघ वीस हातांवर थांबली. दोन डोळे. मग नाक.
मानगें. चांगली दोन माणसं लांब मगर.
पळत नव्हती. हलतही नव्हती. वाट बघत होती. मी काहीतरी देईन म्हणून.

२७ डिसेंबर
रात्रभर झोप नाही. आज एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.
हिशोब सोपा आहे. चतुर्थीपासून आठवड्यातून तीनदा मी पाण्यावर फट्ट फट्ट करतो आणि मग मासा फेकतो. इतके दिवस राखणदार मान घेतो म्हणून सु.ला फुशारकीने सांगत होतो. राखणदार कसला. मी मगरीला जेवायची घंटा वाजवून बोलवत होतो. शाळेतली पोरं तेवढी लवकर शिकत नाहीत.
सु.चं माहेर फोंड्याकडे. तिथे पौषाच्या अमावास्येला मातीची मगर करून पुजतात. सहज विचारल्यासारखं केलं, मानगें माणसावर येतं का? म्हणाली, "आमी पुजतात ती आमच्या वाटेक येवची न्हय म्हणून. आपोवंक न्हय." बोलवायला नाही, म्हणे. आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

२९ डिसें.
खुळखुळ्याचा गळ कापून टाकला आणि बांधावर उंच उभं राहून वाजवला. मासा द्यायचा नाही असं ठरवून. पाचव्याला आली. अर्धा तास थांबली. मी आधी घरी आलो.

३ जानेवारी, पौर्णिमा
मोठी ओहोटी. बांधावरून चाललो होतो, तर मानशीखालून आवाज. फट्ट. फट्ट फट्ट.
माझा खुळखुळा घरी होता.
अक्का. कमरेएवढ्या पाण्यात. शेजारच्या दोघी तिच्याबरोबर. चिखलातून खुब्यांचे शिंपले काढायचे, पाटलीत, म्हणजे टोपलीत, भरायचे आणि चिखल जावा म्हणून पाटली पाण्यावर आपटायची. लहानपणापासून ऐकतोय हा आवाज. माझ्या कानाला तो आज पहिल्यांदा कळला. इतके दिवस रबर कोरून, मणी मोजून जो आवाज मी शोधत होतो तो हाच होता.
ओरडलो, वर ये, मानगें आहे. तिघी हसल्या. अक्का म्हणाली, "बाबू, मानगीं आमच्या आजयेच्या काळापसून आसात. आमकां वळखतात तीं." थोरली बहीण, भावोजी गेल्यापासून पलीकडच्या घरात एकटी. मला अजून चड्डी घालता येत नाही असं समजूनच बोलते.
पुढचं सांगायचं होतं. की आता ती तुला नाही, आवाजाला ओळखते. त्या दोघींसमोर कसं सांगू.
मगर आज आली नाही. का आली नाही?

५ जाने.
वनखात्यात फोन. बाई नीट बोलली. कुठे, केवढी, कधीपासून. शेवटी विचारलं, "तिला कोणी खायला घालतं का?"
नाही म्हटलं.
इतक्या पटकन खोटं बोलता येतं मला, हे माहीत नव्हतं.

८ जाने.
खात्याची माणसं येऊन बघून गेली, बांधावर मगरीच्या इशाऱ्याचा फलक लावला. अक्काने फलकाच्या दांड्याला जेवणाची पिशवी अडकवली आणि उतरली.

११ जाने., रवि.
डोकं चालवलं. नदीच्या वरच्या वळणावर खुळखुळा वाजवून तिथेच मासे टाकायचे, म्हणजे ती तिकडे राहील. तीन दिवस केलं. तिन्ही दिवस आली. स्वतःवर खूष होऊन परत येताना मानशीजवळ सहज हाताने पाण्यावर थाप मारून बघितली.
आठ मिनिटांत इथे हजर.
जागा नाही शिकवली मी तिला. आवाज शिकवला. आता नदीभर कुठेही.

१७ जाने.
सु.ला सगळं सांगितलं. चतुर्थीपासूनचं, फोनवरच्या खोट्यासकट. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला, म्हणाली, "वचात आनी अक्काक सांगात. आतांच." गेलो. अक्का भात उकळत ठेवून बसली होती. सांगत गेलो तशी तिची मान खाली गेली. मी भित्रा आहे, खोटारडा आहे, तुझ्या जिवाशी खेळलो, सगळं बोललो. रडलोही.
तिने एवढंच विचारलं, "राखणदाराचो मान आतां बंद केलोस?"
हो.
"मागीर तो गप बसतलो?"
मगरीपेक्षा तिला त्याची भीती जास्त. मला हसू आलं आणि राग आला. उद्या जाऊ नको म्हणालो. म्हणाली, अमावास्येच्या या ओहोट्या सोडल्या तर परत पंधरा दिवस असे खुबे नाहीत. दारापर्यंत आली. "तुजें मानगें, तूंच पळय. तुका आयकता मरे? मग आमी आसतलों तितलो वेळ ताका तुज्याकडेन धर."
म्हणजे तिला वाचवायचं तर मी वाजवत राहायचं, चारत राहायचं. जे पाप केलं तेच दर ओहोटीला.
हो म्हणून आलो.

१८ जाने., पौष अमावास्या
सु.ने सकाळी अंगणातच मातीची मगर केली, माहेरच्यासारखी. डोळ्यांना शिंपले. मी त्या मगरीसमोर हात जोडले तेव्हा काय मागावं ते सुचेना.
दुपारी खात्यात पुन्हा फोन केला. कालच्यासारखं रडणं नाही, सरळ सांगितलं, मी घालत होतो. बाईने सगळं लिहून घेतलं. पिंजरा लावायला माणसं बुधवारी येतील.
ओहोटीला मी वरच्या वळणावर, पिशवीत चार मासे. खाली मानशीपाशी तिघी, पाटल्या आपटायच्या नाहीत असं ठरवून. मी वाजवायला लागलो. दहा. वीस. मनगट दुखेपर्यंत. खालून मधूनच एक फट्ट ऐकू आला. सवय आहे, हात विसरतो. तीस. चाळीस.
रेघ निघाली नाही.
मासे टाकून पळत खाली आलो तेव्हा तिघी बांधावर चढत होत्या. मोजल्या. तीन. अक्काची पाटली भरलेली. "पळय," म्हणाली, "कांय ना. फाल्यां यो." उद्याही ओहोटी आहे, परवाही. बुधवारपर्यंत तीन ओहोट्या.
हो म्हटलं. चाळीस वेळा बोलावून ती आज पहिल्यांदा माझ्याकडे आली नाही. कुठे होती, मला माहीत नाही.