एरंडेलानंतरचा गूळ

नाना, तुम्ही मेलात, पण तुमचं ते एक वाक्य काही मेलं नाही. यंदा आखाजीच्या सणाला जामनेरहून माहेरी आले, तर ते घरात बाजेवर आडवं पडलेलं. "अक्का, काळजी करू नको. बठ्ठी घाण निंघी ऱ्हायनी." सगळी घाण निघतेय म्हणे. बोलणारा तुमचा धाकटा लेक, आवाज तुमचा. वाटलं, त्या आवाजाच्याच मुस्काटात द्यावी. तिसरीतून तुम्ही मला शाळेतून काढलं, म्हणून अक्षर हे असं आहे. वाचताना डोळे दुखले तर तुमचीच करणी.

ओट्यावर बसून तुम्ही आम्हा पोरांना एरंडेल पाजायचात. मांडीखाली पाय दाबायचे, नाक धरायचं, वाटी तोंडात उपडी. जो ओकला नाही त्याला कोपरीच्या खिशातून गुळाचा खडा. तोही मूठ बांधून, चोरून दिल्यासारखा. मी दर वेळी तुमच्या धोतरावर ओकायची, म्हणून मला कधी मिळाला नाही. त्याचं काही नाही. पण आईला जुलाब लागले आणि शेजारीण मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली, तिला तुम्ही दारातून परत पाठवलं. "काही थांबवायचं नाही. घाण निंघी ऱ्हायनी." निघत गेली, निघत गेली, शेवटी आईच निघून गेली. पिंपळनेरच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली तेव्हा तिचे डोळे खोबणीत पार आत गेले होते. मग गावभर सांगत फिरलात, देवानं नेली. देवाला कशाला मधे ओढता?

तर तुमच्या या लेकाचं लिव्हर आकसलंय. दारूचा थेंब नाही, जुनी कावीळ अंगात दबा धरून बसली होती. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोड, घट्ट औषध दिलंय. त्यानं रोज दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं, नाहीतर विष डोक्यात चढतं आणि माणूस बरळायला लागतो. ते मला कबूल, कारण ते तुमचं सांगणं नव्हे. पण मधे याची दाढ सुजली. धुळ्याला विचारायचं सोडून यानं मेडिकलवाल्याकडून जबर कॅप्सूल आणल्या आणि पाकीट संपवलं. त्यानंतर जुलाब असे लागले की बाज ते मोरी एवढाच त्याचा प्रवास. पोटात कळा, अंगात ताप. आणि भावजय निवांत पुरण वाटतेय.

"डॉक्टरच म्हणाल्यात, व्हायला पाहिजेत," ती म्हणाली.

"व्हायला पाहिजेत म्हणजे आतडी बाहेर यायला पाहिजेत का गं?"

मी त्याचे डोळे बघितले, नाना. खोबणीत गेलेले. शेजारच्याची जीप दारात आणायला लावली.

"आज आखाजी शे, अक्का. सणाच्या दिवशी दवाखाना?"

"मेलास तर पुढच्या आखाजीला पितरांत तुझाही घास टाकू. चल, बस."

धुळ्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि कॅप्सूलचं रिकामं पाकीट बघून कपाळाला हात लावला. त्या कॅप्सूलनी म्हणे आतड्यातले चांगले जंतूही मारले, आणि मोकळ्या रानात एक वाईट जंतू माजला. लिव्हर खराब असलेल्याला हा जंतू लवकर धरतो आणि लवकर नेतो. रोज सकाळी घ्यायचा ती ॲसिडिटीची गोळीसुद्धा त्याच जंतूच्या बाजूची. "हे माझ्या औषधाचे जुलाब नव्हेत, आजी. घरी ठेवलं असतं तर गेले असते." मला सांगितलं, त्याला शिवलं की साबण लावून नळाखाली हात धुवायचे, तो बाटलीतला हाताला चोळायचा रस या जंतूला मारत नाही.

जीपमध्येच तो बरळायला लागला होता, सलाइन लागलं तरी भ्रमातच होता. नर्स त्या जंतूवरच्या औषधाचा चमचा घेऊन आली, तर साठी उलटलेला हा बाप्या तोंडावर हात दाबून रडायला लागला. "नाना, नको. आता बस."

"नाना मेले," मी म्हटलं. "त्यांचं तेलही संपलं. हे थांबवायचं औषध आहे. उघड तोंड."

उघडलं. तुम्हाला ऐकवायचं होतं ते एवढंच: थांबवलं, आणि तो जगला.

आता उठून बसतो, भाताची पेज पितो, मला शिव्याही देतो. हे पत्र टाकायला तुमच्याकडं पेटी नाही, आणि असती तरी तिकिटाचा खर्च मी तुमच्यावर केला नसता. गादीखाली राहील.

एक मात्र झालं. काल त्यानं कुरकुर न करता औषध घेतलं, तेव्हा बाईंना विचारून मी त्याला गुळाचा खडा दिला. देताना बघितलं, तर मूठ बांधलेली होती. त्यानं अर्धा मोडून माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, थांब. नळावर जाऊन साबणानं हात धुतले, आणि खाल्ला.