भंडारा, कोरड्या हाताने

मी, काशिनाथ गणू वेखंडे, वय सेहेचाळीस, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, धंदा शेती आणि बातमीदारी, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. ते लिहायला मला कोणी सांगितलेले नाही, धमकावलेले नाही आणि पटवलेलेही नाही. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांची तक्रार पोटापुरती आहे; डोक्याबद्दल त्यांनी काही म्हटलेले नाही. ठाण्याच्या दैनिकाला मी इतकी वर्षे तालुक्याच्या बातम्या पाठवल्या आणि संध्याकाळची एस.टी. कधी चुकवली नाही. हा मजकूरही वेळेतच देत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर दुसरे करायला सवड मिळेल असे दिसत नाही.

१. माझ्या मागे सर्व व्यवस्था माझी पत्नी कविता हिने पाहावी. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि ओढ्याकाठचे माझ्या वाट्याचे भातशेत तिचे. तिच्याकडे कोणी नातेवाईक ‘सल्ला’ द्यायला आला तर तिने त्याला चहा द्यावा आणि सल्ला परत द्यावा. तिला हे जमते. माझ्यावर तिने पुष्कळ सराव केला आहे.

२. शेणवा रस्त्यावरची व्यायामशाळा, तिच्या खालची आणि मागची जागा, लोखंडी वजने, बाकडी, आरसे आणि समांतर बार, हे सर्व माझी मुलगी मनस्वी हिचे. ही मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे, वडिलोपार्जित नाही. माझा चुलतभाऊ रघू, म्हणजे रघुनाथ, याने भाऊबंदांत असे बोलून ठेवले आहे की पुरुषांची तालीम पोरीच्या नावावर होत नसते. मागच्या गणपतीत तो आमच्या ओटीवर बसून म्हणाला, “पोरीला काय करायचेत डंबेल? भाकऱ्या थापताना उचलनार का?” मनस्वी आतून म्हणाली, “काका, भाकरीला पन दंड लागतो. तुमी एकदा थापून दाखवा ना.” तेव्हाच मी ठरवले की तालीम हिचीच.

मनस्वीला एकच अट. या तालमीत शरीर वाढवण्याची सुई किंवा गोळी येणार नाही, कोणाच्या खिशातूनही नाही. अट कशासाठी, ते लिहून ठेवतो, कारण पुढची पोरे विचारतील.

बाहेरच्या मोठ्या स्पर्धांत कोणी काय घेतले हे विचारण्याची पद्धत नाही. तिथे आकार बघतात. खांदे हंड्यांएवढे, पाठीवर पुळ्या, चेहरा सुजलेला, तरी टाळ्या. सुई न टोचता शरीर करणारा माणूस त्यांच्याशेजारी उभा राहिला तर उपाशी दिसतो. त्याला वाढायला वर्षे लागतात. चणे, अंडी, सुकट, नाचणीची भाकरी आणि झोप, एवढाच त्याचा खुराक. आणि आमच्या भागात त्याची आणखी एक खूण आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत चिखलात वाकून वाकून त्याचा दंड उतरतो. भात घरात येऊन झोडणी झाली की पुन्हा भरतो. म्हणून आमची स्पर्धा आम्ही चंपाषष्ठीला ठेवली. ज्याचा दंड भर आवणीतही उतरत नाही, त्याच्या दंडात भात नाही, दुसरेच काही आहे. ही खूण मला फार आधी ठाऊक होती. भावाच्या दंडाकडे मी त्या नजरेने पाहिले नाही.

३. पोश्या लहानू मुकणे, राहणार शेणव्याजवळची कातकरी वाडी, याला माझी पहिली डंबेल द्यावीत. तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून आम्ही दोघांनी ती केली होती. एक दुसऱ्यापेक्षा जड आहे. कोणते, ते पोश्याला माहीत आहे. तो वीटभट्टीवर जातो त्या महिन्यांत ती कविताने सांभाळावीत. तालमीचे दार उघडण्याचा मान तो गावात असेल तेव्हा त्याचाच. दाराला हात लावताना त्याला कोणी अडवले, तर अडवणाऱ्याचे नाव तालमीतून काढावे, मग तो कोणाच्याही घरचा असो.

४. मापाची फीत. ती मुरबाडच्या त्या परीक्षकांना द्यावी, ज्यांनी दोन जत्रांत पोश्याला स्टेजवर बोलावण्याआधी विचारले होते, “हा हमाल आहे की स्पर्धक?” त्यांनी ती स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळावी. पुरली नाही तर कविता दुसरी आणून देईल.

५. आता रघू.

रघूला मी काय द्यावे याचा मी खूप विचार केला आहे. आठ वर्षे दुसरा विचार फारसा केलेला नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या चंपाषष्ठीला किन्हवलीच्या टेकडीवरच्या खंडोबासमोर मी औषधमुक्त शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांना खुली. अशा स्पर्धांत लघवी तपासतात हे मी वाचले होते. चौकशी केली, तर एका बाटलीच्या तपासणीच्या खर्चात आमची अख्खी जत्रा निघाली असती. बैठकीत मुरबाडचे एक जुने पहिलवान म्हणाले, “काशिनाथ, हरलेला बोंबलनारच, जिंकलेल्यानं सुई टोचली म्हनून. मग तू काय करनार? मुताच्या बाटल्या घेऊन मुंबई गाठनार?” सगळे हसले.

मग मी नियम केला. प्रत्येक स्पर्धकाने स्टेजवर जाण्याआधी खंडोबाच्या पायरीवर भंडारा उचलायचा आणि म्हणायचे, मी शरीरासाठी सुई, गोळी घेतलेली नाही. ज्याने भंडारा उचलला त्याच्यावर पुन्हा कोणी शंका घ्यायची नाही. लोकांचा नियमावर विश्वास बसावा म्हणून सकाळी सर्वांत आधी मीच उचलला. आयोजक म्हणून वर आणखी बोललो, की भंडारा उचललेल्यावर मी माझ्या हयातीत शंका घेणार नाही. तोंडाने नाही, लेखणीनेही नाही.

स्पर्धा झाली. रघू पहिला, मी दुसरा, पोश्या तिसरा. रघूला मी खांद्यावर घेऊन देवळाला फेरी मारली. अंगावरचे तेल न पुसता बातमी लिहिली, ‘घामाने कमावलेल्या शरीराचा विजय’ असा मथळा दिला आणि संध्याकाळच्या एस.टी.ने पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आम्ही दोघेच अंघोळीला होतो. रघूने विचारले, “दादा, बातमी गेली?”

“गेली.”

“मंग आता सांगतो. आवणीच्या आधीपासून सुया चालू व्हत्या.”

मला थट्टा वाटली. मी म्हणालो, “भंडारा उचललास ना रे?”

“हाताला तेल व्हतं, दादा. भंडारा तेलावर बसला, कातडीला लागलाच नाय. हे बघ, धुतला का गेला.” त्याने तळहात माझ्यासमोर धरला. “आनि तू तर बोलनार नाय. तू सकाळीच उचललास. तुझा हात कोरडा व्हता.”

एवढे बोलून त्याने माझ्या डोक्यावर बादली ओतली आणि हसला. लहानपणापासून ओततो तशीच.

मी बोललो नाही. त्या विजयावर त्याने शहापूरच्या बाजारात जिम काढली. उद्घाटनाची बातमी मीच लिहिली. जिमच्या भिंतीवर जिंकल्याचा फोटो मोठा करून लावला आहे. त्यात त्याचा उजवा तळहात पिवळा दिसतो. खाली लिहिले आहे, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. त्या फोटोखाली पोरांना सुया मिळतात. हे मी पाहिले आणि परत येऊन पाणीपुरवठ्याची बातमी लिहिली. लोक मला म्हणत, काशिनाथ मनाने मोठा, भावाकडून हरला पण कुरकुर नाही. मी मनाने मोठा नव्हतो. मी थांबलो होतो.

परवा तो मला भेटायला आला. उशाशी सफरचंदे ठेवली आणि म्हणाला, “दूध-अंड्यांवर शंभर वर्षं काढनार व्हतास ना, दादा? मी बघ, ठणठणीत.” मग हळूच विचारले, तालमीपुढची रस्त्याकडची पट्टी मी कोणाला देणार, त्याला तिथे जिमची शाखा काढायची आहे. मी गेल्यावर तो पोरांना काय सांगणार हे मला त्याच क्षणी ऐकू आले. म्हणून लिहून ठेवतो. गाठ माझ्या वडिलांनाही झाली होती आणि त्यांनी आयुष्यात डंबेल पाहिले नव्हते. माझ्या मरणाची जाहिरात करायला मी त्याला परवानगी देत नाही. माझ्या तिरडीला त्याने खांदाही देऊ नये. तो खांदा त्याचा स्वतःचा नाही, आणि उसन्या खांद्यावरून मला जायचे नाही.

मी हयातीची शपथ घेतली होती. हा कागद उघडेल तेव्हा माझी हयात संपलेली असेल.

६. हे पाकीट माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या पायरीवर, तळी उचलून झाल्यावर फोडावे आणि मनस्वीने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. हा दिवस, पुढचा निरोप, खांद्याची गोष्ट आणि पायरीवर न्यायचे सामान, एवढे मी कविताला तोंडी सांगून ठेवले आहे; का, ते सांगितलेले नाही. रघूला निरोप कविताने द्यावा आणि एवढेच सांगावे की पट्टीचा निकाल तिथे आहे. एरवी तो येणार नाही. त्या स्पर्धेनंतर तो ही टेकडी एकदाही चढलेला नाही. दर चंपाषष्ठीला त्याला कल्याणला धंद्याचे काम निघते आणि त्याची बायको भिमी एकटीच नारळ घेऊन वर येते. तेलाने सुटलो असे त्याला खरोखर वाटले असते, तर तो आला असता.

वाचून झाल्यावर पोश्याने ताटात बेल आणि भंडारा घेऊन रघूपुढे उभे राहावे. रघूने भंडारा उचलून म्हणावे, ‘नव्व्याण्णव साली मी सुई घेतली नव्हती.’ असे त्याने म्हटले, तर रस्त्याकडची पूर्ण पट्टी त्याची. कविताने सही करून द्यावी, तोंड वाकडे करू नये. तालमीला मागच्या बाजूने वाट आहे. माझे त्याच्याकडे काही राहणार नाही. पुढचे त्याने आणि खंडोबाने बघून घ्यावे.

त्याने उचलला नाही, तर पट्टीही मनस्वीची. न येणे म्हणजे न उचलणे समजावे. ताप आला, गाडी बंद पडली, कल्याणला काम निघाले, हेही न उचलणेच.

७. त्याने उचलला नाही, तर तालमीच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या यादीतून त्या सालचे पहिले नाव चुन्याने पुसावे. तिथे माझे नाव लिहू नये. मी दुसराच राहीन, पोश्या तिसराच. पहिली जागा पांढरी ठेवावी आणि दर दिवाळीला पुन्हा चुना लावावा. तालमीत येणारा प्रत्येक नवा पोरगा विचारील, इथे कोण होता? पोश्याने सांगावे. पोश्या दमला की मनस्वीने सांगावे. रघूची नातवंडे तालमीत आली तर त्यांना फी घेऊ नये, आणि त्यांनी विचारले तर त्यांनाही सांगावे. रागावून नको. सगळ्यांना सांगतात तसेच.

८. रघूला बिनशर्त अशी एकच वस्तू देत आहे. कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी. ती कविताच्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे. तिच्यासोबत पाण्याची बादली आणि नवा टॉवेल पायरीवर ठेवावा. भंडारा उचलण्याआधी रघूने दोन्ही हात कोपरापर्यंत धुवावेत आणि टॉवेलने पुसावेत. पोश्याने त्याचे तळहात स्वतःच्या बोटांनी चाचपून बघावेत आणि कोरडे वाटले तरच ताट पुढे करावे. घाई करू नये. लोकांना दिसू द्यावे.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, दोनदा वाचला आणि एक शब्दही सौम्य केला नाही. साक्षीदारांनी माझी सही पाहिली आहे, मजकूर पाहिलेला नाही. तो अजून कोणीच पाहिलेला नाही. पोश्याला यात वाटा असल्यामुळे त्याची साक्ष घेतलेली नाही, तो बाहेर ओटीवर बसून विचारतो आहे, “झाला का रे लिवून? जेव आता.”

सही: काशिनाथ गणू वेखंडे

साक्षीदार:
अक्षय दामोदर भेरे, राहणार शेणवा (सही)
संजू बारकू पडवळ, राहणार मुरबाड (सही)

ठिकाण: किन्हवली
दिनांक: २६ नोव्हेंबर २००७